परतीचं तिकीट काढून आलेला पाहुणा

पत्र जालन्याहून आलं आहे. मोठं आहे, म्हणून कामापुरतं देते.

«ताई, सादर नमस्कार. माझं वय ३१. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत माझा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा कारखाना आहे. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले, त्यांच्या फंडाच्या पैशातून सुरुवात केली. धाकटी बहीण केमिकल इंजिनिअर आहे, तीच भागीदार. आम्ही अनुसूचित जातीतले. कामगार १४, त्यातले ९ आमच्याच वस्तीतले. उलाढाल ४ कोटी १० लाख, कर वजा जाता नफा १६ लाख. गिऱ्हाइकं मुख्यतः बियाणं कंपन्या. माल उत्तम म्हणतात, पैसे मात्र सरासरी ११० दिवसांनी देतात. बँकेची सीसी, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीची कॅश क्रेडिट मर्यादा, ४० लाखांची. घर गावठाणात आहे, दुसरं तारण नाही, म्हणून वाढवून देत नाहीत. ७० लाखांचं नवं मशीन आणि ६० लाख खेळतं भांडवल असे १ कोटी ३० लाख हवे आहेत.

मागास भागात गुंतवणूक करणाऱ्या एका फंडाने टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कागद, दिली आहे. प्रायव्हेट लिमिटेड करायचं, १ कोटी ३० लाखांना २६ टक्के हिस्सा द्यायचा. पाच वर्षांनी त्यांचे शेअर आम्ही वर्षाला २२ टक्के चक्रवाढीने परत घ्यायचे. नाही जमलं तर कंपनी विकायचा हक्क त्यांचा. सीए म्हणतो, अनुसूचित जातींसाठी सरकारचाच एक फंड आहे, तिकडे जा. तिसरीकडे आमचा कागदाचा व्यापारी म्हणतो, तुझ्या नावावर नवी कंपनी काढू, पैसा मी घालतो, तो सरकारी फंड आणि सरकारी ऑर्डरी आणू, तुला घरबसल्या महिना ४० हजार. वडिलांचं एकच म्हणणं, घरात परका माणूस घेऊ नकोस. बरं, मी वीस फंडांना ईमेल केले होते, उत्तर दोघांचं आलं. माझ्या कॉलेजमधल्या मित्राला ओळखीने तीन दिवसांत भेट मिळाली. काय करू?

ता. क. बहिणीने पाणी न शोषणारा, मेण नसलेला एक लेप तयार केला आहे. द्राक्षाच्या शीतगृहात खोकी दमटपणाने बसतात, ती बसू नयेत म्हणून. अजून प्रयोगच चालू आहेत.»

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा कॅल्क्युलेटर काढला. जुनी सवय आहे. बँकेत लघुउद्योगांचे कागद बघण्यात माझी बत्तीस वर्षं गेली, त्यामुळे भावना नंतर, आकडे आधी.

१ कोटी ३० लाख, वर्षाला २२ टक्के, चक्रवाढ, पाच वर्षं. उत्तर येतं साडेतीन कोटी. आता तुमची बाजू. समजा मशीन आल्या आल्या, अगदी पहिल्याच वर्षी नफा दुप्पट झाला, ३२ लाख. समजा पाच वर्षं तुम्ही दोघा भावंडांनी त्यातला एक रुपया घरी नेला नाही. तरी गोळा होतात १ कोटी ६० लाख. उरलेले १ कोटी ९० लाख कुठून आणाल? कुठूनच नाही. मग दुसरं कलम जागं होईल, कंपनी विकायचं. म्हणजे या कागदावर सही करताना पाच वर्षांनंतरची विक्री तुम्ही आजच मान्य करताय, फक्त तारीख पुढची आहे.

याला मी भागीदारी म्हणत नाही. धंदा बुडाला तर भागीदार सोबत बुडतो. इथे नफ्याच्या वेळी तो भागीदार आहे आणि वसुलीच्या वेळी सावकार. फंडाच्या माणसाला एवढंच विचारून बघा: बायबॅकचं, म्हणजे शेअर परत घ्यायचं, कलम काढता का? काढलं तर पुढे बोलू. नाही काढलं तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

आणि २६ हा आकडा कुठून आला, हेही विचारा. कंपनी कायद्यात विशेष ठरावाला ७५ टक्के मतं लागतात. २६ टक्के ज्याच्या हातात, तो असा कोणताही ठराव अडवू शकतो. २४ टक्क्यांत ते जमत नाही. दोन टक्क्यांचा फरक दिसायला किरकोळ आहे, पण त्यात घराची चावी आहे.

तो माणूस लबाड आहे असं मात्र मी म्हणणार नाही. त्याचीही एक गोष्ट आहे आणि ती कळल्याशिवाय तुम्हाला या पैशाचा स्वभाव कळणार नाही. व्हेंचर फंड स्वतःचे पैसे घालत नाही, दुसऱ्यांचे घालतो. ते साधारण दहा वर्षांनी परत करायचे असतात. दहा कंपन्यांत पैसे घातले तर काही बुडतात, काही रडतखडत चालतात आणि एखादी अशी वाढते की बाकीच्यांचं नुकसान भरून वर नफा देते. जॉर्ज दोरियो या गृहस्थांनी १९४६ साली अमेरिकेत असा फंड काढला. १९५७ साली त्यांनी डिजिटल इक्विपमेंट नावाच्या नव्या संगणक कंपनीत ७० हजार डॉलर घातले. त्या एका गुंतवणुकीने इतकं दिलं की बाकीच्या सगळ्या तिच्यापुढे झाकोळल्या. तेव्हापासून हा धंदा त्याच हिशोबावर चालतो. प्रत्येक कंपनीकडे बघताना फंडवाल्याच्या मनात एकच प्रश्न असतो, ही दसपट होईल का?

तुमचा कारखाना दसपट होणार नाही. रागावू नका. चूक तुमची नाही, खोक्याची आहे. घडी घातली तरी खोकं जागा खातं. टेम्पो वजनाने भरत नाही, आकाराने भरतो. शे-दीडशे किलोमीटरच्या पुढे गेलात की भाडंच नफा खाऊन टाकतं आणि तिथे तिथला खोकीवाला बसलेला असतोच. म्हणून या धंद्यात गावोगावी मध्यम आकाराचे कारखाने टिकतात. जालन्यात बियाणं कंपन्या आहेत तोवर तुम्हाला काम आहे, चांगलं काम आहे. वर्षाला पंधरा टक्क्यांनी वाढून तुम्ही दहा वर्षांत चाळीस माणसांना रोजगार द्याल. मला त्याची किंमत मोठी वाटते. दहा वर्षांत घरी जायच्या फंडाला ती परवडत नाही. पाहुणा कितीही प्रेमळ असो, तो परतीचं तिकीट काढूनच आलेला असतो. तुमच्या वडिलांना परक्या माणसाची भीती वाटते. माझ्या मते परका असणं हा दोष नाही, घाईत असणं हा आहे.

घाई नसलेला पैसाही असतो. अमेरिकेत केंटकी राज्याच्या आग्नेय भागात, कोळशाच्या खाणींच्या डोंगराळ मुलखात, १९६८ साली केंटकी हायलँड्स नावाची संस्था सुरू झाली. खाणी सोडल्या तर रोजगार नाही, असा भाग. तिथे बाहेरून कारखाने बोलावत बसण्यापेक्षा आपणच नव्या कंपन्यांत भागभांडवल घालू, असं या लोकांनी ठरवलं. १९७२ साली मॅक्रीअरी परगण्यात तंबू बनवणारी एक कंपनी त्यांच्या मदतीने उभी राहिली. ही संस्था इतकी वर्षं धीर धरू शकली, कारण तिचं सुरुवातीचं भांडवल सरकारच्या दारिद्र्यनिर्मूलनाच्या कार्यक्रमातून आलं होतं. दहाव्या वर्षी दारात उभा राहून मुद्दल मागणारा कोणी नव्हता. म्हणून फंड कोणताही असो, तो मागास भागासाठी काय करतो हे त्याच्या माहितीपत्रकात वाचण्याआधी मी विचारते, तुम्हाला पैसे कोणी दिलेत आणि ते परत कधी हवेत?

आता सीएने सांगितलेल्या फंडाकडे वळू. २०१४-१५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यासाठी २०० कोटींची तरतूद झाली आणि जानेवारी २०१५ मध्ये तो सुरू झाला. पैसा मुख्यतः सामाजिक न्याय मंत्रालयाचा, कारभार आयएफसीआय व्हेंचर या फंड चालवणाऱ्या कंपनीकडे. अट अशी की कंपनीत अनुसूचित जातीच्या प्रवर्तकांचा हिस्सा किमान ५१ टक्के हवा आणि कारभारही त्यांच्याच हातात हवा. नावात व्हेंचर असलं तरी पैसा बहुधा डिबेंचरच्या रूपाने येतो, म्हणजे सवलतीच्या व्याजाचं लांब मुदतीचं कर्जच म्हणा. तुमच्यासारख्या धंद्याला ते सोयीचं आहे. हप्ते ठरलेले, शेवट माहीत असलेला, आणि हिस्सा तुमचाच राहतो. मशीनसाठी इथे अर्ज करा. आधी भागीदारीची प्रायव्हेट लिमिटेड करावी लागेल, तीन वर्षांचे ताळेबंद नीट लावावे लागतील आणि वेळ लागेल. सरकारी काम आहे, पुढच्या बियाण्याच्या हंगामावर भिस्त ठेवू नका.

वीस ईमेलांना दोन उत्तरं, हे तुम्ही सहज लिहून गेलात. मी त्या ओळीवर बराच वेळ थांबले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्याआधी बाबासाहेबांनी मुंबईत गुंतवणुकीचा सल्ला देणारी कचेरी काढली होती, हे तुम्हाला माहीत असेलच. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस. सल्ला घ्यायला लोक आले आणि जात कळल्यावर यायचे थांबले. कचेरी बंद झाली. शंभर वर्षांत आडनाव विचारायची पद्धत जरा सभ्य झाली आहे, एवढंच. भागभांडवलाचा धंदा ओळखीवर चालतो. कोण कोणाच्या वर्गात होतं, कोण कोणाच्या लग्नात भेटलं. बँकेत निदान अर्जाला क्रमांक तरी पडतो, इथे तोही नाही. मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, सुरू केली ती अशीच ओळखींची दुसरी वाट असावी म्हणून. तिथल्या बैठकांना जा. योजनांचे फॉर्म भरायला मदत होईल ती होईलच, पण सरकारी कंपन्यांची खरेदी बघणारी माणसं तिथे समोरासमोर भेटतात. केंद्राच्या २०१२च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती आणि सार्वजनिक कंपन्यांनी त्यांच्या खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची आहे आणि त्या २५ पैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आहेत. खोकी तर प्रत्येकालाच लागतात.

याच ४ टक्क्यांवर तुमच्या कागदाच्या व्यापाऱ्याचा डोळा आहे. त्याच्याबद्दल मी कमी लिहिणार आहे, कारण उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. बंदूक त्याची, खांदा तुमचा. कंपनीच्या कागदावर संचालक म्हणून सही तुमची, कर्जाला हमी तुमची, पैसे थकले तर सिबिल तुमचं खराब, चौकशी आली तर बोलावणं तुम्हाला. जातीचा दाखला महिना ४० हजारांनी भाड्याने देणं, याला दुसरं नाव नाही. शिवाय जो फंड तुमच्यासारख्यांसाठी काढला, त्याचा पैसा व्यापाऱ्याच्या गल्ल्यात जाईल आणि उद्या कोणीतरी आकडे दाखवून म्हणेल, बघा, योजना दिल्या तरी यांना धंदा जमत नाही. अशा फायली मी पाहिल्या आहेत. शेवटी टेबलासमोर एकटा बसलेला माणूस नेहमी दाखलेवालाच असतो. त्या व्यापाऱ्याकडून कागद घेणं मात्र थांबवू नका. नकार गोड शब्दांत द्या, आणि रिळांसाठी दुसरा पुरवठादार शोधून ठेवा.

आता मूळ दुखण्यावर येते. ते भांडवलाचं नाहीच.

४ कोटी १० लाखांची विक्री, ११० दिवसांची उधारी. म्हणजे कोणत्याही दिवशी तुमचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपये गिऱ्हाइकांकडे पडून आहेत. उधारी ६० दिवसांवर आली तर तिथे अडकतील ६७-६८ लाख. सुटतात ५६ लाख. तुम्हाला खेळतं भांडवल किती हवं होतं? ६० लाख. तुम्ही २६ टक्के हिस्सा विकून जो पैसा आणायला निघालात, तो तुमचाच आहे, फक्त दुसऱ्यांच्या खात्यात आहे.

तुम्ही म्हणाल, मागितला तर ऑर्डर जाईल. खरं आहे, आणि ज्यांनी कधी उधारी वसूल केली नाही तेच लोक कायद्याची कलमं फेकून मोकळे होतात. कलम आहे. २००६च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नसेल तर १५ दिवसांत. त्याहून मोठी गोष्ट एप्रिल २०२४ मध्ये झाली. आयकराच्या नियमात बदल होऊन मुदत उलटूनही मार्चअखेर न दिलेली अशी रक्कम गिऱ्हाइकाला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यावर कर भरावा लागतो. म्हणून भांडायला जाऊ नका, त्यांच्या खरेदी विभागाशी बोलून उपयोग नाही. हिशोब विभागाला गाठा. तुमचं उद्यम नोंदणीचं, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद असल्याचं, प्रमाणपत्र प्रत्येक बिलाला जोडा, बिलावर उद्यम क्रमांक छापा. मार्च जवळ आला की त्यांचा सीएच तुमची बाजू लढेल. थकलेल्या पैशांची तक्रार या कायद्याखालच्या परिषदेकडे न्यायचं हत्यार आहे, पण ते ज्या गिऱ्हाइकाला पुन्हा माल द्यायचा नाही त्याच्यासाठी राखून ठेवा.

मोठ्या कंपन्यांसाठी दुसरा मार्ग ट्रेड्सचा. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारे हे ऑनलाइन बाजार आहेत. तुमचं बिल गिऱ्हाइकाने तिथे मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि थोडी कसर कापून पैसे तुमच्या खात्यात येतात. पुढे गिऱ्हाइकाने उशीर केला तरी बँक तुमच्या मागे लागत नाही. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांनी ३१ मार्च २०२५ पर्यंत तिथे नोंदणी करावी असा केंद्राचा आदेश होता. तुमच्या गिऱ्हाइकांपैकी कोण त्यात बसतं याची यादी आज रात्रीच करा.

बँकेचं राहिलं. तारण नाही म्हणून सीसी वाढत नाही, हे मॅनेजरने तोंडी सांगितलं असणार. त्याला सांगा, लेखी द्या. सीजीटीएमएसई या हमी योजनेत तारणाशिवाय १० कोटींपर्यंतच्या कर्जाला हमी मिळते, एप्रिल २०२५ पासून मर्यादा तिथवर नेली आहे. हमीची फी लागते, अनुसूचित जातीच्या उद्योजकांना तीत सवलत आहे. लेखी नकार द्यायची वेळ आली की पुष्कळ मॅनेजरांना या योजनेची आठवण होते. मी त्याच खुर्चीत बसले आहे, म्हणून सांगते.

मशीनबद्दल एक शंका. सध्याचं मशीन किती पाळ्यांत चालतं, ते पत्रात नाही. एकाच पाळीत चालत असेल तर आधी हंगामाचे चार महिने दुसरी पाळी चालवा. तीही पुरेना झाली की ७० लाखांचा विचार करा. मशीन घ्यायची हौस प्रत्येक कारखानदाराला असते, ते काही वाईट नाही, पण हप्ता हौसेने फिटत नाही.

आणि आता ती ता. क. मधली तीन वाक्यं. सगळं पत्र खोक्यावर लिहिलंत आणि ज्यात व्हेंचरचा पैसा खरोखर शोभतो, ती गोष्ट सहीखाली टाकलीत! लेपाला टेम्पोचं भाडं लागत नाही. तो नाशिकच्या द्राक्षाला चालला तर सांगलीच्या चालेल, सोलापूरच्या डाळिंबाला चालेल. तुम्ही स्वतः एकही खोकं न बनवता दुसऱ्या कारखान्यांना तो विकू शकाल. कदाचित पूर्ण फसेलही. अन्नाला लागणारी गोष्ट आहे, चाचण्या महाग आहेत, द्राक्षाचा निर्यातदार नव्या मालावर सहज भरवसा ठेवत नाही. बुडण्याची शक्यता मोठी आणि वाढण्याचीही मोठी, अशा कामाला कर्ज देऊ नये आणि घेऊही नये. तिथेच हिस्सा देऊन पैसा आणायचा असतो. सप्टेंबर २०२० मध्ये त्याच सरकारी फंडाअंतर्गत आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन सुरू झालं. तंत्रज्ञानाच्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या उद्योगांना जागा आणि मदत देणाऱ्या केंद्रात, काम करणाऱ्या अनुसूचित जातीच्या तरुणांच्या कल्पनेला तीन वर्षांत ३० लाखांपर्यंत भागभांडवल मिळतं. बहिणीला आधी एखाद्या इन्क्युबेटरमध्ये जागा मिळवू द्या. प्रयोगशाळाही मिळेल.

पण तिची कंपनी वेगळी काढा. लेप बुडाला तर कारखाना बुडता कामा नये. असं घर वेगळं ठेवण्याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण नाशिकजवळ मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सचं आहे. २०२२ मध्ये त्यांनी युरोपातल्या गुंतवणूकदारांकडून ३१० कोटी रुपये घेतले. शेतकरी उत्पादक कंपनीत बाहेरच्याला भागधारक होता येत नाही. म्हणून पैसा आला तो काढणीनंतरचं काम करणाऱ्या उपकंपनीत, मूळ कंपनी शेतकऱ्यांचीच राहिली. त्यांचा माल परदेशी जातो, वाढायला जागा होती, म्हणून तिथे असा पैसा पचला.

बहिणीच्या कंपनीत ५१ टक्क्यांहून जास्त हिस्सा तिच्या स्वतःच्या नावावर असू द्या. भाऊ म्हणून तुम्ही मदत कराच, पण कल्पना तिची आहे आणि तुमच्या पत्रात तिला दोनच ओळी मिळाल्या.

टर्म शीटची मुदत तुम्ही लिहिली नाही. असेल त्या तारखेआधी दोन ओळींचा ईमेल करा, की खोक्यांच्या धंद्यासाठी बायबॅकच्या अटीवर हिस्सा देणं आम्हाला शक्य नाही, पुढे एका नव्या उत्पादनासाठी कदाचित बोलू. दार आपटू नका.

वडिलांना वसुलीला सोबत न्या. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस खुर्ची ओढून शांत बसला की हिशोबनीस फाइल काढतो. आणि बहिणीला सांगा, लेप लावलेलं आणि न लावलेलं अशी दोन खोकी शीतगृहात शेजारी ठेवून दर आठवड्याला कोणावर किती किलो उभे राहतात ते वहीत तारखेसकट लिहायला सुरुवात कर. लेप कशाचा बनवला ते मला कळवू नका, पेटंटचा अर्ज होईपर्यंत कोणालाच कळवू नका. आकडे मात्र मला बघायला आवडतील.